शिट्टीशिवायचं मैदान

माझा आवाज मुळातच फाटका, त्यामुळे तो बिघडलाय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मी मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. आमच्या हैदराबादेत अशा बाईला 'पीईटी मॅडम' म्हणतात. नामपल्लीच्या बाजूला आमची शाळा, मागे मातीचं मैदान, आणि त्या मैदानावर माझं अर्धं आयुष्य ओरडण्यात गेलेलं. क्रीडामहोत्सवाच्या सुमारास दर वर्षी आवाज बसायचा. मिठाच्या गुळण्या करायच्या, ज्येष्ठमध चघळायचं, दोन दिवस हातवारे करून भागवायचं, की पुन्हा सुरू. त्या वर्षी महोत्सव झाला, सुट्टी लागली, शाळा पुन्हा उघडली, तरी आवाज काही वर आला नाही.

"कोंबडा झालाय तुझा," असं माझे मिस्टर म्हणायचे. दिगंबर सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. चेष्टा क्वचितच करतात, म्हणून मीही हसले. आमची मुलगी मुक्ता तेवढी हसली नाही. ती गच्चीबावलीला एका कंपनीत काम करते, आठवड्यातून चार दिवस ऑफिसातून फोन करते. "आई, तुझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी येतोय," ती म्हणाली. "ईएनटीला दाखव. उद्याच."

हे सगळं लिहून काढ, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. लिहायचा कंटाळा होता, अजून आहे. पण हे ज्यांच्या वाट्याला पुढे येणार आहे, त्यांना रोजच्या जगण्यातलं कुणी काही सांगत नाही, हे मी पाहिलंय. औषधांचं डॉक्टरांना विचारा. मला ठाऊक आहे तेवढं मी सांगते.

जर्दा

आबिड्समधल्या डॉक्टरांनी नाकातून दोरीसारखा कॅमेरा घातला आणि समोरच्या पडद्याकडे बघत विचारलं, "जर्दा खाते, मॅडम?"

मी मान हलवली. नाही.

"गुटखा? सिगरेट? थोडा भी नै?"

"हिनं कधी सुपारीसुद्धा खाल्लेली नाही," दिगंबर मराठीतच म्हणाले, जरा मोठ्यानं. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, पण सूर कळला असावा. त्यांनी कॅमेरा बाहेर काढला, हातमोजे काढले आणि आमच्याकडे न बघता एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलचं नाव कागदावर लिहिलं. आजार काय आहे ते त्या कागदावरून कळलं.

पुढे तो प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. घशातला तुकडा तपासायला घेणाऱ्यांनी, नर्सनी, विद्यानगरातल्या शेजारणींनी, नांदेडहून फोन करणाऱ्या चुलतसासूबाईंनी. तंबाखू खात होतीस का? नव्हते खात. मग कसं झालं? मला काय माहीत. रोज पहाटे उठून धावणारी बाई मी. आजारापेक्षा या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन मी जास्त दमले. ज्यांना हे व्हायचं आहे त्यांना माझा सल्ला एवढाच, की उत्तर देऊ नका. फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम तेलुगू, शांत बाई. त्या म्हणाल्या, "आधी रेडिएशन देऊ. आवाज वाचवायचा प्रयत्न करू." 'प्रयत्न' हा शब्द मी स्वतः हजार वेळा वापरलेला. उडी चुकणाऱ्या मुलीला आपण तोच सांगतो. त्यामुळे त्यात किती दम असतो याचा मला अंदाज होता.

जाळीचा चेहरा

रेडिएशनसाठी तोंडावर आणि मानेवर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला पक्का करतात. हलायचं नाही. जन्मभर मुलींना हलायला शिकवलं, आणि आता न हलणं शिकायचं. दुखत काहीच नाही. दुखतं ते नंतर, घरी. गिळताना काचा उतरल्यासारखं होतं. सांबारभात, वरणभात, शेवटी नुसतं ताक.

रोज सकाळी आम्ही रिक्षानं जायचो. बाहेरच्या हॉलमध्ये तेच ते चेहरे. कोण कुठला, कुणाचं कुठलं अंग, हे चार दिवसांत सगळ्यांना पाठ. एक आजोबा रोज दिगंबरना विचारायचे, "आज स्कोअर काय?" टीव्हीवर कुठली ना कुठली मॅच चालूच असायची. तिथं बसलेल्यांत मॅच खरोखर कुणीच बघत नव्हतं, पण स्कोअर सगळ्यांना माहीत असायचा. तेवढ्यावर बोलणं व्हायचं, आणि त्या हॉलमध्ये तेवढंच बोलणं बरं वाटायचं.

रेडिएशन संपलं. आवाज थोडा मोकळा झाला. मी शाळेत परतले, शिट्टी गळ्यात घातली, आणि आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं की संपलं.

वर्ष सरायच्या आत आवाज पुन्हा गेला. या वेळी डॉक्टर मॅडमनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच मी समजले.

"आता आवाजाची पेटी काढावी लागेल. पूर्ण. श्वास इथून घ्याल." त्यांनी स्वतःच्या मानेच्या खळगीवर बोट ठेवलं. "तोंडाचा आणि फुप्फुसांचा संबंध उरणार नाही."

"शिट्टी वाजवता येईल?" मी विचारलं.

त्यांना कळलं नाही. दिगंबरनी समजावलं, की ही पीईटी आहे, मैदानावरची शिट्टी म्हणतेय. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नाही. फुंकायला हवा तोंडातून यावी लागते."

जिना

मी नाही म्हणून सांगितलं. कुणाला पटणार नाही, पण कारण मरणाची भीती नव्हती. मी शिकवते ते खेळ डोळ्यांपुढे आले.

खेळांचे प्रकार पुस्तकात वेगळे दिलेले असतात, सांघिक, वैयक्तिक, मैदानी, घरातले. माझ्या मनात त्या दिवसांत दुसरीच वाटणी चालू होती. गोळाफेक, लांब उडी, उंच उडी हे मुक्यानं खेळायचे खेळ. खेळणारी एकटी, समोर नुसती माती. आणि खो-खो, कबड्डी हे आवाजाचे खेळ. पाठीवर हात मारून 'खो' असं खणखणीत म्हटलं नाही, तर पंच फाऊल देतो. कबड्डीत तर शब्द थांबला की चढाई संपली. एका दमात तो म्हणत राहायचा, हाच नियम. आमच्या शाळेचं नाव होतं ते या दोन खेळांमुळे. तिथं मुकी बाई काय करणार?

घरात भांडणं झाली. दिगंबर म्हणाले, नोकरी सोड, पेन्शन आहे आपल्याला. मुक्ता ओरडली, "तुझ्या खो-खोसाठी मरणार आहेस का तू? सीरियसली, आई?" मी बसलेल्या आवाजात काहीतरी उलट बोलले. ते तिला ऐकूच गेलं नाही, त्यामुळे ती आणखी चिडली. जेवणं वेगवेगळ्या वेळी व्हायला लागली. चार माणसं आली की आम्ही नीट वागायचो, ती गेली की पुन्हा गप्प.

शेवटी निर्णय मी घेतलाच नाही. शाळेच्या जिन्यानं घेतला. वरच्या वर्गात जाताना मधल्या वळणावर श्वास अडला. आत जाईना, बाहेर येईना, नुसता शीळ घातल्यासारखा आवाज. मी पायरीवर बसले. खाली मैदानावर मुली माझी वाट बघत होत्या. थोड्या वेळानं उठता आलं, तेव्हा मी दिगंबरना मेसेज केला, 'तारीख घ्या.'

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुक्तानं फोन समोर धरला. "काहीतरी बोल ना. रेकॉर्ड करते."

"काय बोलू?"

"काहीही."

काही सुचेना. देवाचं म्हणायचं तर पाठ नाही, गाणं येत नाही. मग मी रिलेतला बॅटन कसा घ्यायचा ते सांगितलं. मागं बघायचं नाही. हात मागं, पंजा उघडा, अंगठा बाजूला. बॅटन हातात पडेल, पडल्यावरच मूठ मिटायची. बघितलंस की वेग गेला. मुक्तानं ते सगळं रेकॉर्ड केलं, आणि फोन पर्समध्ये टाकून खाली कॅन्टीनला गेली. ते अजून तिच्याकडे आहे. मी ऐकलेलं नाही.

पाटी

जाग आली तेव्हा नाकात नळी, मानेत नळी, आणि उशाशी एक छोटी पांढरी पाटी व पेन. नर्स येऊन मानेतली नळी साफ करायची. तो खोकला तोंडातून न येता मानेतून येतो. पहिल्यांदा मी घाबरून तिचा हात धरला. ती म्हणाली, "रोज करनेका है अम्मा, आदत हो जाती." झाली सवय. आता मी घरी आरशासमोर उभी राहून स्वतः करते, दात घासल्यासारखं.

त्या दिवसांतलं सगळ्यात वाईट म्हणजे पाटी. मी शुद्धीवर आल्यावर लिहिलं, 'पाठीखाली उशी दे.' मुक्ता बघत राहिली. "पा... ठी... खा..." तिचं बोट एकेका अक्षरावरून सरकत होतं. शाळेत तिची दुसरी भाषा तेलुगू होती. मराठी घरात बोलण्यापुरतं. आम्हीही कधी शिकवलं नाही. बोलतेय ना, मग झालं. आता तिच्या आईला फक्त लिहिता येत होतं, आणि ते तिला वाचता येत नव्हतं. पाठ दुखत होती. मी पाटी पलंगावर आपटली.

"सॉरी आई, सॉरी, फोनवर टाइप कर ना, इंग्लिश लेटर्समध्ये," ती रडवेली होऊन म्हणाली. मी टाइप केलं. 'pathi khali ushi'. ते बघून मलाच कळेना मी काय लिहिलंय. पण तिला कळलं, आणि उशी आली.

आजारपणामुळे आमची मुलगी मराठी वाचायला शिकली, असं दिगंबर पाहुण्यांना सांगतात. तेवढं काही झालेलं नाही. जोडाक्षर आलं की ती अजून अडखळते, आणि मी थकलेली असले की रोमनमध्येच लिहून टाकते.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपला आवाज गेला की लोक आपल्याशी मोठ्यानं बोलायला लागतात, जसं काही आपण बहिरे झालो. भेटायला आलेला प्रत्येक माणूस ओरडत होता. वॉर्डातल्या इतर बायकांना माझ्या घरच्या सगळ्या भानगडी कळल्या.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी दिगंबरनी चहा आणून ठेवला. गरम होता. मी सवयीनं कप तोंडाशी नेला, ओठांचा चंबू केला, आणि काहीच झालं नाही. फुंकर नाही. चहाला वास नव्हता, नाकातून हवाच जात नव्हती ना. मी कप खाली ठेवला. दिगंबर बघत होते. त्यांनी कप उचलला, दोनचारदा फुंकर घातली, माझ्यापुढे सरकवला आणि पेपर उघडला. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. ते रोज करतात.

'ख' येत नाही

काही आठवड्यांनी मानेच्या छिद्राच्या आत एक बारीकशी झडप बसवली. अंगठ्यानं छिद्र बंद करायचं, श्वास सोडायचा, की हवा अन्ननलिकेत शिरते आणि तिथून आवाज निघतो. निघतो म्हणजे काढावा लागतो. तो शिकवायला वंशी नावाचे तरुण थेरपिस्ट होते. मी त्यांना वंशीसर म्हणते, मुक्तापेक्षा लहान असले तरी.

कुठलंही कौशल्य शिकवायच्या मोजक्याच रीती असतात. सांगायचं, दाखवायचं, हात धरून करवून घ्यायचं, आणि मग बाजूला व्हायचं. वंशीसर सांगायला लागले, आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. अंगठा दाबा पण जोरात नको, श्वास सोडा पण ढकलू नका, खांदे सैल, मान सरळ. एका वेळी इतकं सांगितलं की शिकणारा गोठतो. मी गोठले. ते दाखवायला लागले, पण त्यांच्या मानेला छिद्र कुठं होतं? शेवटी त्यांनी माझा अंगठा आपल्या बोटांत धरला, छिद्रावर ठेवला, आणि "अब" म्हणून दाबला. घशातून ढेकरासारखा 'आ' निघाला. जाड, बाप्यासारखा.

वंशीसर खूश झाले. मला तो आवाज ऐकून उठून जावंसं वाटलं.

आधी नुसता 'आ'. मग 'आई', 'आला', 'बाबा'. मग दोन शब्द. तुकडे करून शिकवायचं आणि तुकडे जोडायचे, मीही गोळाफेक तशीच शिकवते. आधी जागेवरून फेक, मग त्याला मागची सरक जोडायची. रीत बरोबर होती. पण तुकडे जोडणाऱ्याला ते किती कंटाळवाणं असतं, हे मला आता कळत होतं. रोज तेच, आणि रोज कालच्यापेक्षा वाईट. झडपेतून पाणी गळायचं, खोकला यायचा, पुन्हा पहिल्यापासून. बसमधून येताना मी डोळे मिटून घ्यायचे, कुणी काही विचारू नये म्हणून.

'ह' आलाच नाही. 'ख'ला हवेचा जो झोत लागतो, तो आता माझ्या तोंडात नाही. "मॅडम, खो बोलो," वंशीसर म्हणायचे, कारण मी तोच शब्द मागितला होता. मी म्हणायचे. यायचं 'गो'.

"आज थोडा 'को' जैसा आया," ते म्हणायचे. चांगला शिक्षक माणूस.

मोकळे हात

आमच्या मुख्याध्यापिका प्रेमळ आहेत. त्या म्हणाल्या, "वसुधा, लायब्ररी घे. तिथं बोलायची गरज नाही." मी मानेवरचा रुमाल बाजूला केला, अंगठा ठेवला आणि म्हटलं, "मैदान." त्या दचकल्या, मग सावरल्या. "बरं. बघू," त्या म्हणाल्या.

मुक्तानं बॅटरीवर चालणारी शिट्टी मागवून दिली. बटण दाबलं की कर्कश वाजते, आणि मैदानामागची कुत्री भुंकतात. मुली पहिल्या दिवशी माझ्याकडे बघेनात. मग नववीतली तबस्सुम, खो-खोची कॅप्टन, पुढे आली. "मैडम, गले में क्या है?" मी रुमाल उचलून दाखवलं. सगळ्या जवळ आल्या, एकेकीनं बघितलं. "दुखता?" "नै." "बोलके दिखाओ ना मैडम." मी 'खो' म्हटलं. "गो बोल रै मैडम," कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. मीही. त्यानंतर अडचण राहिली नाही. त्या माझ्या 'गो'वर उठायला लागल्या, सामन्यात आपापला 'खो' म्हणायच्या.

सांगणं जवळजवळ संपलं होतं, म्हणून मी हातांनी शिकवायला लागले. खो-खोत चौकोनात बसलेल्या मुलीचा मागचा पाय मी धरून ठेवायचे, म्हणजे ती उठताना कुठला पाय आधी ढकलायचा ते पायालाच कळायचं. खांबाशी वळताना कंबर किती खाली न्यायची ते कमरेला हात लावून. गोळाफेकीत कोपर वर ठेवायला कोपराखाली माझा तळवा. चांगलं चाललं होतं. पूर्वीपेक्षा हळू, पण चांगलं.

आणि त्यातच ते घडलं. मी तबस्सुमला गोळा शिकवत होते. मागं उभी राहून एक हात तिच्या कमरेवर, दुसरा कोपराखाली. तिनं जोर लावला, मी कंबर फिरवली, आणि गोळा सुटता सुटता आठवीतली कीर्तना, घरंगळत गेलेला थ्रोबॉलचा चेंडू आणायला, फेकीच्या जागेत शिरली.

मी तोंड उघडलं. तिचं नाव माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं. बाहेर काहीच आलं नाही. बोलायला एक अंगठा लागतो, शिट्टीला एक बोट लागतं, आणि माझे दोन्ही हात तबस्सुमच्या अंगावर होते.

गोळा जमिनीवर पडला, उसळला आणि तिच्या पायावर गेला. बोटांची हाडं मोडली. ओरडले असते तर वेळ पुरला असता का, मला माहीत नाही. पुरला नसता, असं सगळे म्हणतात.

कीर्तनाची आई

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. पद्मा, आबिड्सला साड्यांच्या दुकानात काम करते. मुख्याध्यापिकांच्या खोलीत ती माझ्यासमोर बसली आणि तेलुगूत मोठमोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलायला लागली, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी. पोरगी तीन बहिणींत एकटीच खेळणारी, तिला शाळेत पाठवलं ते तुमच्या भरवशावर, ती आत गेली तेव्हा तुम्ही काय करत होता?

मला उत्तर द्यायचं होतं. अंगठा ठेवला. आदल्या दिवसापासून झडप गळत होती; गुरगुर झाली, पाणी आलं, खोकला आला. मी रुमालानं मान पुसली. पुन्हा अंगठा ठेवला.

"काय म्हणतात या?" पद्मानं मुख्याध्यापिकांना विचारलं.

"चूक माझी," मी हळूहळू म्हटलं, तेलुगूत. तेवढे दोन शब्द नीट आले.

पद्मा माझ्या मानेकडे बघत राहिली. राग ओसरला असं मी म्हणणार नाही. तिला कंटाळा आल्यासारखा वाटला, माझा, शाळेचा, सगळ्याचा. उठताना ती म्हणाली, "मीरु इंट्लो कूर्चोंडी, मॅडम." तुम्ही घरी बसा. टोमणा नव्हता. आजारी माणसाला सांगावं तसं तिनं ते सांगितलं, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

घरी येऊन मी कागदावर लिहिलं, 'मी राजीनामा देते,' आणि दिगंबरपुढे ठेवलं. ऑपरेशनच्या आधीपासून त्यांना हेच हवं होतं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, कागद घडी करून बाजूला ठेवला.

"दे," ते म्हणाले. "पण आत्ता देऊ नकोस. ती मुलगी पायाला प्लास्टर घालून घरी आहे. आत्ता सोडलीस तर तिला वाटेल, माझ्यामुळे मॅडम गेल्या. पोरं असलं जन्मभर धरून ठेवतात. ती शाळेत येऊ दे, मग सोड."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. जन्मभर आकडे जमवलेला माणूस. मैदानावर कधी पाऊल ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना सांगितलं, की गोळा, थाळी, भाला आजपासून मी शिकवणार नाही. त्यासाठी मुलांच्या शाळेतले सर येतात आता. मुक्यानं खेळायचे खेळ आपल्याला जमतील आणि आवाजाचे जाणार, असं मी धरून चालले होते. झालं उलटं. गोळाफेक हा माझा स्वतःचा खेळ होता, कॉलेजात मी तोच खेळायचे. तो गेला. सर मुलींना शिकवत असतात, तेव्हा मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असते. त्यांच्याकडे शिकणारी एक मुलगी कोपर पाडते, हे मला तिथून दिसतं. सध्या एवढंच.

प्लास्टर निघाल्यावर कीर्तना आली. लंगडत होती. तिच्या आईनं निरोप पाठवला होता, की उन्हाळ्यापर्यंत पळायचं नाही, पुढचं पुढे बघू. मी तिला खो-खोच्या चौकोनात बसायला आणि पाठीवर हात पडला की कुठल्या बाजूला तोंड करायचं ते शिकवलं. त्याला पळावं लागत नाही. खो-खोच्या सामन्यांत मुली दुसऱ्या फेरीत हरल्या त्या वर्षी. राजीनामा राहून गेला. द्यायचा नाही असं ठरवलं नव्हतं, पण रोज काहीतरी असायचं.

शाहीन

तपासणीला गेले होते, तेव्हा डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं आहेत? एक बाई आहे. ऑपरेशनला तयार होत नाही. तुम्ही बोला तिच्याशी."

मला नको होतं. दुपार झाली होती, झडप बदललेली, घसा दुखत होता, दिगंबर खाली रिक्षा बघत होते. आणि मी काय सांगणार होते? सगळं छान होतं म्हणून? फुंकर जाते, वास जातो, आपण नाव सांगितलं की माणसं दचकतात. फोनवर लोक मला 'सर' म्हणतात. पण मॅडम चालायला लागल्या होत्या.

शाहीन खिडकीशी बसली होती. चाळिशीची असेल. नवऱ्याबरोबर बांगड्यांचं दुकान चालवते, असं मॅडमनी सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग रुमालाकडे, मग खिडकीबाहेर. मी खुर्ची घेऊन बसले. अंगठा ठेवला आणि माझं नाव सांगितलं, शाळेत खेळ शिकवते म्हणून सांगितलं. माझा आवाज ऐकून तिनं डोळे मिटून घेतले.

"आदत हो जाती," मी म्हटलं. "बाद में."

तिनं डोळे उघडले नाहीत. मीही थांबले. शिकणाऱ्याला घाई केली की तो आणखी आवळतो, एवढं मला कळतं. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. बऱ्याच वेळानं तिनं बसलेल्या, खरखरीत आवाजात विचारलं. खाण्याचं नाही, बोलण्याचं नाही, नवऱ्याचं नाही.

"रोना आता?"

रडता येतं का, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, मुक्तानं नाही, दिगंबरनी नाही.

"रोना आता," मी म्हटलं. "आवाज नै आती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. फाटक्या, मोठ्या आवाजात, छातीवर हात आपटत. दाराशी माणसं जमली. नर्स धावत आली, "अम्मा, चुप, चुप, बाजू में पेशंट सोरैं."

मी उठले आणि नर्सच्या दंडावर हात ठेवला. तिनं वळून पाहिलं. मी मान हलवली, बोट ओठांवर ठेवून तिलाच गप्प राहायला सांगितलं, आणि दार लावून घेतलं.